दळलेल्या बिया, कोकणातली हवा आणि साठवण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जवसाची पूड, तिळाचे कूट, कारळ्याची चटणी, धने-जिरे पूड, कुळथाचे पीठ हे जिन्नस आपल्याकडे जवळजवळ प्रत्येक स्वयंपाकघरात असतात आणि जून उजाडला की त्यातला एखादा तरी हमखास बिघडतो. घाटावरच्या नातेवाइकांनी सांगितलेली किंवा पाकिटावर छापलेली मुदत इथे लागू पडत नाही, हे रत्नागिरी-गुहागरपासून मालवण-वेंगुर्ल्यापर्यंत कोणीही सांगेल. पुढील उत्तरे किनाऱ्यालगतच्या घरासाठी, म्हणजे खारी दमट हवा, चार महिन्यांचा पाऊस आणि मधूनमधून जाणारी वीज गृहीत धरून लिहिली आहेत.

अख्खी बी वर्षभर टिकते, मग दळल्यावर तीच महिन्याभरात खवट का होते?

बी ही मुळातच साठवणीसाठी घडलेली वस्तू आहे. तिच्या आतले तेल अतिशय सूक्ष्म थेंबांच्या रूपात, पेशींच्या आत बंद असते आणि वरून टरफलाचे संरक्षण असते, त्यामुळे हवा तेलापर्यंत पोहोचत नाही. दळताना हे टरफल आणि पेशी दोन्ही फुटतात, तेल प्रत्येक कणाच्या पृष्ठभागावर पसरते आणि एका चमचाभर पुडीतले हजारो कण एकाच वेळी हवेला उघडे पडतात. हवेतला प्राणवायू तेलाशी संयोग पावू लागला की जो वास निर्माण होतो त्यालाच आपण खवटपणा म्हणतो, आणि ही क्रिया एकदा सुरू झाली की स्वतःच स्वतःला वेग देत जाते. म्हणून पूड पंधरा दिवस चांगली राहते आणि पुढच्या चार दिवसांत अचानक बिघडल्यासारखी वाटते. खरे तर ती बिघडण्याची सुरुवात दळल्या दिवशीच झालेली असते.

दुसरी वाट पाण्याची आहे. बी फुटल्यावर तिच्यातली विकरेही (एन्झाइम्स) मोकळी होतात आणि ओलावा मिळाला की ती तेलाचे विघटन करू लागतात. उघडी पूड कोकणात या दोन्ही वाटांनी एकाच वेळी बिघडते.

सगळ्याच बियांची पूड सारख्याच वेगाने खराब होते का?

अजिबात नाही, आणि साठवणीचा निम्मा गोंधळ सर्व पुडींना एकच नियम लावल्यामुळे होतो. बीमध्ये काय आहे ते पाहून ती कशी ठेवायची हे ठरवावे.

जवसात (आपल्यापैकी काही जण अळशी म्हणतात) वजनाच्या सुमारे ४० टक्के तेल असते आणि त्या तेलातला निम्म्याहून अधिक भाग अल्फा लिनोलेनिक आम्लाचा, म्हणजे ज्यासाठी जवसाची एवढी कीर्ती आहे त्या ओमेगा-३ चा असतो. हेच आम्ल हवेशी सर्वांत लवकर संयोग पावते. सुतार लाकडाला जे अळशीचे तेल चोळतात ते काही दिवसांत सुकून त्याचा कडक थर बनतो, तो हवा शोषून घेण्याच्या याच गुणामुळे. लाकडावर जो गुण हवा असतो तोच बरणीत दोष ठरतो, आणि जवसाच्या जुन्या पुडीला ताज्या रंगकामासारखा वास येतो त्याचे कारणही हेच आहे.

तिळात तेल जवसाहून जास्त, जवळजवळ निम्मे असते, तरीही तिळाचे कूट जवसापेक्षा बरेच जास्त टिकते, कारण तिळामध्ये तेलाला जपणारे स्वतःचेच घटक असतात आणि तीळ भाजल्यावर त्यांतल्या एकापासून सेसमॉल नावाचा आणखी प्रभावी घटक तयार होतो. कारळे या दोहोंच्या मधले आहेत. आपल्या वरकस जमिनीवर नाचणी-वरीसोबत पिकणारे हे काळे दाणे अख्खे असताना फारसे तक्रार करत नाहीत, पण त्यांची चटणी करून ठेवली तर महिन्यानंतर चव उतरते. शेंगदाण्याच्या कुटाचा वेगळा धोका आहे, तो बुरशीचा; त्याविषयी पुढे लिहिले आहे. खसखस दळून ठेवूच नये, लागेल तेव्हाच वाटावी.

कुळथाच्या पिठाची गोष्ट याच्या अगदी उलट आहे. कुळथात तेल नावालाच असते, त्यामुळे पिठी खवट होण्याची भीती फारशी नाही. तिचे शत्रू आहेत ओल आणि कीड. उन्हाळ्यात वाळवून ठेवलेल्या फणसाच्या आठळ्यांचे पीठही याच जातीचे. धने, जिरे, बडीशेप यांच्या पुडीत मात्र बिघाडापेक्षा उडून जाण्याचा प्रश्न मोठा असतो: त्यांचा सुगंध उडनशील तेलांत असतो आणि बरणी उघडल्यावर आपल्याला येणारा छान वास म्हणजे पुडीतून कायमचा निघून गेलेला वास असतो.

या सगळ्यासमोर आपल्याच घरातले मुठेल ठेवून पाहावे. कोकमाच्या बियांमधून काढलेले हे तेल बरेचसे संपृक्त (सॅच्युरेटेड) असल्यामुळे घरातल्या तापमानाला घट्ट गोळा होऊन बसते, आणि टाचांच्या भेगांसाठी कपाटात ठेवलेला गोळा दोन-दोन वर्षे तसाच राहतो. तेही बीचेच तेल आहे, पण हवेला त्यात शिरकाव करायला जागा कमी आहे.

पावसाळ्यात पुडी सादळतात म्हणजे नेमके काय होते आणि ते टाळता येते का?

कोरडी पूड हवेतले बाष्प शोषून घेते आणि मऊ, जड, गुठळ्यांची होते. जुलै-ऑगस्टमध्ये किनाऱ्यावरची सापेक्ष आर्द्रता दिवसचे दिवस ८० टक्क्यांच्या वर असते. इथे एक आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे: साधे मीठ सुमारे ७५ टक्के आर्द्रतेला स्वतःहून पाणी ओढून विरघळू लागते. पावसाळ्यात मिठाच्या बरणीत पाणी सुटते ते म्हणूनच. जवसाच्या किंवा कारळ्याच्या चटणीत आपण मीठ घालून ती साठवतो तेव्हा कोरड्या पुडीत पाणी ओढणारा पंपच बसवल्यासारखे होते. माझा आग्रह असा आहे की जून ते सप्टेंबर या काळात साठवणीच्या चटणीत मीठ घालूच नये. ताटात वाढताना घालावे. घरातल्यांना दोन दिवस विचित्र वाटते, नंतर सवय होते.

लसणाच्या बाबतीतही तेच आहे. कच्चा लसूण कोरड्या चटणीत कुटला तर त्याचे पाणी पुडीत उतरते. पावसाळ्यात लसूण घालायचाच असेल तर पाकळ्यांचे काप मंद आचेवर पूर्ण कोरडे, कुरकुरीत होईपर्यंत भाजावेत. मेथीची पूड आणि जवसाची पूड या दोघी स्वभावतःच चिकट द्रव्याच्या असतात, त्यामुळे जरा ओल लागताच त्यांचे ढेकूळ होते. सुकलेले ढेकूळ फोडून पूड वापरता येते, पण त्याला कुबट वास असेल तर नाही.

कोणत्या भांड्यात ठेवावे?

हवाबंद, लहान आणि काठोकाठ भरलेल्या. या तीन गोष्टींत शेवटच्या गोष्टीकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. किलोभराच्या डब्यात तळाशी उरलेली मूठभर पूड म्हणजे मूठभर पूड आणि डबाभर हवा. त्यापेक्षा शंभर-दीडशे ग्रॅमच्या चार बरण्या कराव्यात, एक वापरात ठेवावी आणि बाकीच्या उघडू नयेत.

स्टीलचा डबा प्रकाश अडवतो, पण त्याचे साधे झाकण हवा अडवत नाही; डबा उपडा केल्यावर पूड सांडत नाही एवढ्यावरून तो हवाबंद ठरत नाही. काचेची, रबरी कडे असलेली बरणी उत्तम, मात्र ती फळीवर उजेडात न ठेवता बंद कपाटात ठेवावी, कारण प्रकाशानेही तेल बिघडते. चिनी मातीची बरणी आणि वर बांधलेला दादरा लोणच्याला शोभतो, कारण लोणच्याच्या वर तेलाचा थर असतो. पुडीसाठी दादरा म्हणजे उघडे दार. पातळ प्लास्टिकच्या पिशव्यांतून वास आणि बाष्प दोन्ही हळूहळू ये-जा करतात, शिवाय तेलकट पूड प्लास्टिकचा वास उचलते.

बरणीची जागाही पाहावी. गॅसच्या शेगडीच्या वरची फळी हाताशी असते म्हणून सर्व मसाले तिथेच जातात, आणि घरातली सर्वांत उष्ण व सर्वांत वाफाळलेली जागा तीच असते.

फ्रीजमध्ये ठेवावे की फ्रीझरमध्ये?

जवसाची पूड, कारळ्याची पूड, भोपळ्याच्या किंवा सूर्यफुलाच्या बियांची पूड आणि शेंगदाण्याचे कूट थंडीत ठेवणेच योग्य आहे, कारण तापमान खाली आले की तेल बिघडण्याचा वेग बराच कमी होतो. फ्रीजमध्ये जवसाची पूड महिनाभर निर्धास्त राहते. फ्रीझरमध्ये तीन-चार महिने. पाण्याचे प्रमाण अगदी कमी असल्यामुळे ही पूड फ्रीझरमध्येही दगडासारखी गोठत नाही, चमच्याने सहज निघते.

पण कोकणात फ्रीजच्या दाराबाहेर एक सापळा असतो. जुलैत आपल्याकडच्या हवेचा दवबिंदू २४-२५ अंश सेल्सिअसच्या आसपास असतो, म्हणजे त्याहून थंड असलेल्या कोणत्याही पृष्ठभागावर हवेतले बाष्प पाणी होऊन जमते. मी पहिल्या वर्षी फ्रीझरमधून जवसाची बरणी काढून तशीच ओट्यावर उघडली, पोळीवर चमचाभर पूड घेतली, दोन मिनिटांनी झाकण लावायला गेले तर झाकणाच्या आतल्या बाजूला थेंब लटकत होते आणि पुडीच्या वरच्या थरावर ओलसर, गडद साय धरली होती. आठ दिवस हे रोज केल्यावर ती साय अर्ध्या बोटाएवढी जाड झाली आणि तिला बुरशीचा वास आला. थंडीने जे वाचवले ते पाण्याने घालवले.

म्हणून फ्रीझरमधली साठवण बरणी रोज उघडायची नाही. आठवड्यातून एकदा ती बाहेर काढावी, न उघडता तासभर तशीच ठेवावी, बाहेरून धरलेला घाम पूर्ण सुकल्यावरच झाकण काढावे, आठवड्याची पूड छोट्या बरणीत घ्यावी आणि मोठी लगेच आत ठेवावी.

दुसरी अडचण मासळीची. तेलकट पूड वास ओढून घेते, आणि आपल्या फ्रीझरमध्ये बांगडे, फ्रीजमध्ये सोडे किंवा सुकट असणार हे ठरलेले. संक्रांतीच्या तिळाच्या लाडवांना बांगड्याचा वास आलेले घर मी पाहिलेले आहे. घर कोणाचे ते सांगत नाही. पुडीची बरणी झाकणबंद असली तरी ती आणखी एका घट्ट डब्यात ठेवावी आणि शक्य असल्यास मासळीच्या वरच्या कप्प्यात.

वादळात वीज दोन दिवस गेली तर फ्रीझरमधली पूड टाकून द्यावी लागते का?

नाही. मासळी आणि पूड यांत हा मोठा फरक आहे. कोरडी पूड एक-दोन दिवस घरातल्या तापमानाला आल्याने नासत नाही. बरणी मात्र त्या काळात उघडू नये, आणि वितळलेल्या बर्फाचे पाणी तिच्या झाकणाशी साचत नाही ना ते पाहावे.

भाजून दळावे की कच्चे?

आपल्या हवेत भाजूनच. भाजण्याने बीमधला ओलावा जातो, विकरे निष्प्रभ होतात आणि किडीची अंडी असतील तर तीही मरतात. अति भाजणे मात्र नुकसानीचे आहे. जवस तडतडू लागले आणि दाणा दातांखाली कटकन फुटला की आच बंद करावी. करपट रंग येईपर्यंत थांबले तर तेल तिथेच बिघडायला लागते. शेंगदाण्याचे तर असे आहे की भाजलेले दाणे कच्च्या दाण्यांपेक्षा लवकर खवटतात, म्हणून दाणे कच्चे साठवावेत आणि आठवड्यापुरतेच भाजून कूट करावे.

भाजल्यावर बी ताटात पसरून पूर्ण गार होऊ द्यावी. ही पायरी सर्वांना माहीत असते आणि घाईच्या वेळी सर्वजण गाळतात. कोमट बी दळली की आतली वाफ पुडीत राहते आणि बरणीत पाणी होते. पावसाळ्यात याच्या उलट चूकही होते: ताट रात्रभर उघडे ठेवले तर भाजलेली बी सकाळपर्यंत पुन्हा सादळते. अर्धा-पाऊण तास पुरेसा आहे.

मिक्सरमध्ये दळल्याने पूड लवकर बिघडते का?

मिक्सरचा दोष नाही, सलग चालवण्याचा आहे. पाते दोन मिनिटे अखंड फिरले की भांडे गरम होते, बियांना तेल सुटते आणि पूड कडेला चिकटते. दहा-पंधरा सेकंद चालवून थांबावे, चमच्याने हलवावे, पुन्हा चालवावे. फार बारीकही करू नये, कारण जेवढी बारीक तेवढी हवेला उघडी. खलबत्त्यात कुटलेली जाडीभरडी चटणी जास्त टिकते असा जुन्या बायकांचा जो अनुभव आहे त्यामागे हेच कारण आहे. दळून झाल्यावर पूड कागदावर पसरून गार करावी आणि मगच भरावी.

पुडीला ऊन दाखवावे का?

अख्ख्या बियांना जरूर दाखवावे. मे महिन्यात, सकाळचा दमटपणा ओसरल्यावर, आणि गार झाल्यावरच डब्यात भरावे. दळलेल्या पुडीला कधीही नाही. उन्हाने तेल बिघडते आणि सुगंध उडतो.

हिंगाचा खडा, लवंगा किंवा कडुनिंबाची पाने ठेवल्याने उपयोग होतो का?

तीव्र वासाने किडे काही प्रमाणात दूर राहतात, त्यामुळे मसाल्याच्या बरणीत हिंगाचा खडा ठेवण्याची प्रथा निरर्थक नाही. परंतु खवटपणा थांबवण्याची ताकद त्यात नाही, आणि हिंगाचा वास जवसाच्या पुडीला लागतो तो दुधात किंवा लाडवात मुळीच नको असतो. ओल्या कडुनिंबाची पाने ठेवू नयेत, कारण ती स्वतःबरोबर पाणी आणतात. भाजलेल्या तांदळाची मलमली पुरचुंडी थोडी ओल ओढते, पण ती दर आठवड्याला पुन्हा भाजावी लागते, नाहीतर ती ओल परत देऊ लागते. औषधांच्या बाटलीतली ओल शोषणारी लहान पुडी वापरायची तर ती फाटलेली नाही याची खात्री करावी आणि मुलांच्या हाताला लागू देऊ नये.

कुळथाच्या पिठात आणि धन्याच्या पुडीत पोरकिडे होतात, त्यावर घरगुती उपाय कोणता?

कीड बहुतेक वेळा बाहेरून येत नाही, अंड्यांच्या रूपात बीबरोबरच येते. आठवडा बाजारातून आणलेले कुळीथ किंवा धने घट्ट पिशवीत घालून फ्रीझरमध्ये सलग सात दिवस ठेवले तर किडे आणि अंडी दोन्ही मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी न उघडता घरातल्या तापमानाला येऊ द्यावी, मग निवडून, भाजून दळावे. पिठात जाळी धरलेली दिसली तर चाळून वापरण्याचा मोह आवरावा. चाळणीतून किडे अडतात, त्यांची घाण अडत नाही. तपकिरी, ठिपक्याएवढे भुंगेरे धन्यात दिसले तर शेजारच्या बडीशेप, हळद आणि मिरचीच्या बरण्याही तपासाव्यात, कारण त्यांना यातले काहीही चालते.

घरचा मालवणी मसाला वर्षभर टिकतो, मग जवसाची पूड का नाही?

मसाल्यातला मोठा भाग मिरची आणि धन्यांचा असतो. धन्यातले तेल जवसापेक्षा निम्म्याहून कमी आणि जातीने पुष्कळच स्थिर असते, शिवाय मसाल्याच्या अनेक जिनसांमध्ये तेलाला जपणारे घटक असतात. तो मे महिन्याच्या कडकडीत उन्हात वाळवून, भाजून, कांडपावरून आणल्यावर गार करून, दाबून दाबून भरला जातो. त्या मसाल्यात सुके खोबरे घालून ठेवले तर मात्र तोही बिघडतो. ओल लागलेल्या खोबऱ्याचा खवटपणा साबणासारखा लागतो, तेलकट नाही, आणि तो भाजीत लपत नाही.

खवट झाली हे कसे ओळखावे, आणि अशी पूड खाल्ली तर काय होते?

बरणीत नाक घालून केलेली परीक्षा फसवी असते, कारण थंड पुडीचा वास दबलेला असतो. चिमूटभर पूड तळहातावर घ्यावी, दोन थेंब गरम पाणी टाकावे, बोटाने चोळावी आणि लगेच हुंगावी. ताज्या जवसाला भाजक्या दाण्यासारखा गोडसर वास येतो. खवट जवसाला जुन्या तेलाचा किंवा रंगाचा. जिभेवर ठेवल्यास मागाहून कडवटपणा आणि घशात खाज जाणवते. चुकून चमचाभर खवट पूड पोटात गेली म्हणून घाबरण्याचे कारण नाही, पण ज्या गुणासाठी जवस खायचे तोच गुण त्यात उरलेला नसतो, म्हणून ती रोज खाण्यात अर्थ नाही.

बुरशीची गोष्ट गंभीर आहे. शेंगदाणे, खोबरे आणि ओल लागलेल्या इतर बियांवर वाढणाऱ्या काही बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार करतात. ते यकृताला घातक असते आणि भाजण्याने किंवा शिजवण्याने पूर्णपणे नष्ट होत नाही. हिरवट-पिवळी किंवा करडी लव दिसली, कुबट वास आला, तर वरचा थर काढून खालचा ठेवायचा नाही, सगळी बरणी टाकायची. ही पूड कोंबड्यांना किंवा गुरांनाही घालू नये.

मोहरीची पूड ठेवावी का?

कोरडी मोहरी पूड जवळजवळ वास नसलेली असते. मोहरीचा झणका बीमध्ये तयार नसतो, पाणी लागल्यावर विकराच्या क्रियेने तो निर्माण होतो; लोणच्यासाठी मोहरी फेसतो तेव्हा नाकात जाणारा ठसका हाच. सादळलेल्या पुडीत ही क्रिया बरणीतच हळूहळू होऊन जाते आणि ऐन लोणच्याच्या वेळी मोहरी मुकी निघते. मोहरी अख्खी ठेवावी, फेसताना गार पाणी वापरावे. उकळत्या पाण्याने विकर मरते.

मुंबईच्या चाकरमान्यांना गणपतीनंतर पुडी बांधून द्यायच्या असतील तर?

निघण्याच्या आदल्या दिवशीच दळाव्यात, पूर्ण गार करून लहान हवाबंद डब्यांत काठोकाठ भराव्यात आणि सामानात मधोमध, कपड्यांत ठेवाव्यात. गाडीच्या टपावर किंवा इंजिनाजवळ नाही. खरे सांगायचे तर भाजलेले अख्खे जवस द्यावेत. मिक्सर त्यांच्याकडेही आहे.

एका वेळी किती दळावे?

रोज एक-दोन चमचे जवस खाणाऱ्या चार माणसांच्या घरात आठवड्याला दीड-दोनशे ग्रॅम पुरतात. पावसाळ्यात तेवढेच दळावे आणि फ्रीजमध्ये ठेवावे. बाहेर कपाटात ठेवायचेच असेल तर जवसाला आठ-दहा दिवस, तिळाच्या कुटाला तीन आठवडे, धने-जिरे पुडीला दोन-तीन महिने आणि कुळथाच्या पिठाला दोन महिने ही माझी मर्यादा आहे. हिवाळ्यात ती थोडी सैल करता येते. झाकणावर दळल्याची तारीख लिहिलेली कागदाची पट्टी चिकटवावी. सर्वांना तारीख लक्षात राहील असे वाटते आणि कोणाच्याच राहत नाही.

पूड संपली की त्याच बरणीत नवी भरली तर चालेल का?

धुतल्याशिवाय नाही. रिकाम्या दिसणाऱ्या बरणीच्या भिंतीवर आणि झाकणाच्या आट्यांमध्ये जुन्या तेलाचा पातळ थर उरलेला असतो आणि तो आधीच बिघडलेला असतो. त्याच्या सहवासात नवी पूड लवकर खवटते. जुनी पूड खाली ठेवून तिच्यावर नवी ओतणे हे तर विरजण लावण्यासारखे आहे. बरणी गरम पाण्याने आणि साबणाने धुवावी, रबरी कडे काढून वेगळे घासावे, आणि ती इतकी सुकवावी की कोरडा कागद आत फिरवला तरी तो सादळता कामा नये. पावसाळ्यात ऊन नसते, तेव्हा भात करून झाल्यावर शेगडीच्या उबेला बरणी तासभर उपडी ठेवते मी, आणि कडे चिमट्याने दोरीवर.